देऊळ, कुंड आणि मोरी

(जीर्णोद्धार सोहळ्याच्या निमित्ताने देवळाच्या सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी कलशारोहण झाले. गाभाऱ्याची गळती थांबली, सभामंडपावर नवी कौले चढली, दीपमाळ उजळली. ज्यांनी रुपया दिला त्यांचे आणि ज्यांनी आठ-आठ दिवस चिरे वाहून दिले त्यांचेही या कामात सारखेच श्रेय आहे. समितीने मला देवळाविषयी आणि शेजारच्या उन्हाळ्याविषयी दोन शब्द बोलायला सांगितले. आपल्या देवळाचा इतिहास माझ्यापेक्षा अधिक जाणणारी वडीलधारी मंडळी येथे समोर बसली आहेत. तेव्हा समितीच्या परवानगीने मी थोडी वाट वाकडी करून दुसऱ्याच एका गावाची हकिकत सांगणार आहे. तेथेही देवीचे देऊळ होते, देवळाला लागून गरम पाण्याचा झरा होता, आणि झऱ्याच्या पाण्यावर बांधलेले स्नानगृह होते. गाव आहे इंग्लंडात. त्याचे नावच मुळी बाथ, म्हणजे स्नान.

आता कोणी म्हणेल, कलशारोहणाच्या दिवशी ही विलायतेची कथा कशाला? कारण एवढेच, की देऊळ आणि कुंड एकत्र बांधले तर पुढे त्याचे काय काय होऊ शकते, याचा जवळजवळ दोन हजार वर्षांचा हिशेब त्या गावी दगडात आणि चिखलात जपून राहिला आहे. तो आपल्या उपयोगाचा आहे.

प्रथम पाण्याविषयी. बाथ हे गाव लंडनच्या पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटरवर, एव्हन नदीच्या वळणात आहे. तेथे तीन गरम झरे आहेत. त्यांतला मुख्य झरा दिवसाला सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी देतो आणि त्याचे तापमान ४६ अंश सेल्सिअस असते. पावसाळा असो की कडाक्याची थंडी, पाण्यात फारसा फरक पडत नाही. तेथे ज्वालामुखी नाही. शास्त्रज्ञ सांगतात की हे पाणी सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मेंडिप नावाच्या टेकड्यांवर पाऊस म्हणून पडले, चुनखडीच्या खडकातील भेगांतून तीन-चार हजार मीटर खोल उतरले, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तापले आणि खडकाच्या मोठ्या भेगेतून पुन्हा वर आले. आपल्या कोकणातही वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीपासून उन्हेरे, सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी असे झरे एका पट्ट्यात सापडतात. त्यांचीही रीत साधारण हीच, असे भूशास्त्र सांगते. तेव्हा आपल्या उन्हाळ्याचे पाणी हे कोणा एका पिढीचे नव्हे. आपण ते फक्त वापरतो.

अशा जागी माणसाचा हात आपोआप जोडला जातो. बाथच्या झऱ्याची देवता होती सुलिस. रोमन लोक येण्यापूर्वीपासून ती तिथली गावदेवी. तिकडे एक दंतकथा सांगतात की ब्लॅडुड नावाच्या राजपुत्राला कुष्ठरोग झाला, त्याला राजवाड्यातून घालवून दिले, तो डुकरे राखू लागला. चिखलात लोळून डुकरांची खरूज बरी झालेली पाहून तोही त्या गरम चिखलात उतरला आणि बरा झाला. आपल्याकडे अमक्याची गाय रानात एका दगडावर रोज पान्हा सोडी अशी कथा प्रत्येक देवळाला असते. त्याच जातीची ही कथा आहे.

इसवी सन ४३ मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरले. त्यानंतर वीस-तीस वर्षांच्या आतच त्यांनी बाथच्या झऱ्यावर काम सुरू केले. त्यांनी गावदेवीला हलवले नाही. आपल्या मिनर्व्हा देवीशी तिचे नाते जोडून ‘सुलिस मिनर्व्हा’ असे जोडनाव केले, आणि त्यातही स्थानिक नाव पुढे ठेवले. गावालाही नाव दिले ‘अक्वे सुलिस’, म्हणजे सुलिसचे पाणी. आपल्या ग्रामदेवतेला पुढे भवानीचे किंवा दुर्गेचे रूप मानले गेले, पण हाक मारताना मूळचे नाव सुटले नाही, तसेच हे.

आता बांधकाम कसे केले ते ऐका, कारण आपल्यात गवंडी आणि सुतार मंडळी पुष्कळ आहेत.

झऱ्याभोवती सगळा दलदलीचा चिखल. त्यावर भिंत उभी राहणार नाही. म्हणून रोमनांनी चिखलात ओकच्या लाकडाचे खुंट ठोकून जमीन घट्ट केली. त्यावर मोठमोठ्या घडीव दगडांची भिंत बांधून झऱ्याला कोंडले, आणि आतून शिशाच्या जाड पत्र्याचे अस्तर दिले. पाणी अडवायच्या कामात रोमन गवंडी चुन्यात विटांची भुकटी मिसळत. आपण ज्याला सुरखी म्हणतो तीच ही. या हौदात पाण्याबरोबर येणारी वाळू खाली बसे आणि वरचे निवळ गरम पाणी शिशाच्या नळाने स्नानगृहात जाई. तळाची वाळू सोडून देण्यासाठी झडप होती. जास्तीचे पाणी जमिनीखालच्या दगडी मोरीतून नदीला जाई. ती मोरी एवढी मोठी की माणसाने आत उतरून ती साफ करावी. मोरी बांधतानाच तिच्या सफाईची सोय केलेली होती, हे कृपा करून ध्यानात ठेवा.

हौदाच्या दक्षिणेला मोठे स्नानगृह बांधले. त्याच्या मध्यभागी मोठे कुंड. लांबी सुमारे २२ मीटर, रुंदी ९ मीटरच्या आतबाहेर, खोली १.६ मीटर. चारी बाजूंनी पायऱ्या. तळाला शिशाचे ४५ जाड पत्रे. ते पत्रे आजही जागेवर आहेत आणि आजही पाणी धरतात. दगड तिथलाच, मधाच्या रंगाचा चुनखडीचा. खाणीतून काढला की मऊ आणि कापायला सोपा, वाऱ्यावर राहिला की कठीण होतो. आपल्या जांभ्या चिऱ्याचाही गुण असाच, हे गवंड्यांना सांगायला नको.

कुंडाच्या दोन्ही अंगांना आणखी दालने होती. कपडे उतरवण्याची खोली, कोमट खोली, कडक गरम खोली, थंड पाण्याचे टाके. गरम खोल्यांची फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर अधांतरी ठेवलेली असे. बाहेर भट्टी पेटवून तिची उष्ण हवा फरशीखालून खेळवीत आणि भिंतीतल्या पोकळ विटांतून वर काढीत. लोक अंगाला तेल चोळून घाम काढीत आणि मग वाकड्या धातूच्या खरवडणीने तेलमळ काढून टाकीत. साबण नव्हता. आपल्या दिवाळीच्या अभ्यंगाची आठवण व्हावी असा हा प्रकार.

उत्तरेला देवीचे देऊळ. पुढे चार उंच नक्षीदार खांब, वर त्रिकोणी दर्शनी भाग. त्याच्या मध्यभागी मिशाळ, केसांत साप गुंतलेला, डोळे वटारलेला एक चेहरा कोरलेला आहे. आपल्या देवळाच्या दारावरच्या कीर्तिमुखाचा तो दूरचा भाऊ शोभेल. देवळापुढे वेदी. आणि यातली सुंदर गोष्ट अशी की, स्नानगृहाच्या उत्तरेकडच्या दालनाला मोठी गवाक्षे ठेवली होती. तेथे उभे राहिले की वाफाळणारा झरा आणि त्याच्या पलीकडे वेदी दिसे. म्हणजे येणाऱ्याला झऱ्याचे दर्शन आधी घडे आणि अंघोळ नंतर. देऊळ, झरा आणि स्नानगृह ही तीन कामे नव्हती, एकच आराखडा होता.

पुढे दुसऱ्या शतकात मोठ्या कुंडावरचे लाकडी छप्पर काढून त्यावर कमानीचे पक्के छत घातले. हे छत भरीव ठेवले असते तर खालचे खांब चिरडले असते. म्हणून त्यांनी पोकळ, डब्यासारख्या विटा वापरल्या. तरीही वजन वाढणारच होते. तेव्हा त्यांनी आधी जुने खांब पुढून आणि मागून दगड जोडून जाड केले, मग छत चढवले. जोडकामाची ती सांध आजही दिसते. आपल्याकडे जुन्या देवळाच्या लाकडी खांबांवर काही विचार न करता सिमेंटचा स्लॅब घालतात आणि दहा वर्षांत भिंतीला तडे जातात. आपल्या समितीने तो मोह टाळून पुन्हा कौलेच घातली, याबद्दल मी तिचे मनापासून अभिनंदन करतो.

अशा या जागी माणसे काय करीत? जे आपण करतो तेच. गायस कॅल्पर्नियस रिसेप्टस नावाचा देवीचा एक पुजारी होता. तो ७५ वर्षे जगला. त्याच्या समाधीचा दगड त्याच्या बायकोने, कॅल्पर्निया ट्रिफोसाने, उभा केला. ती पूर्वी गुलाम होती, नंतर मुक्त झालेली. आणखी एक ल्युशियस मार्शियस मेमोर म्हणून होता. बळीच्या पशूची आतडी पाहून शकुन सांगण्याचे त्याचे काम. त्याने देवीला पुतळा वाहिला. त्याच्या दगडावर हुद्द्याची आधी तीनच अक्षरे बरोबर मध्यावर कोरली होती. पुढची अक्षरे मागाहून कडेला कोंबलेली दिसतात. कदाचित तेवढ्यावरून हुद्दा कोणाला कळेना. नामफलक कोरणाऱ्याची आणि देणगीदाराची ही ओढाताण दोन हजार वर्षांची आहे, तेव्हा आपल्या फलकात कोणाचे आडनाव चुकले असेल तर त्यांनी समितीवर रागावू नये!

झऱ्यात लोकांनी नाणी वाहिली. बारा हजारांहून अधिक रोमन नाणी त्यातून निघाली आहेत. कथलाची आणि चांदीची भांडीही निघाली. पण कोकणच्या माणसाला सगळ्यात ओळखीची वाटेल ती गोष्ट निराळीच. १९७९-८० मध्ये बॅरी कनलिफ या पुरातत्त्वज्ञांनी झऱ्यात उत्खनन केले, तेव्हा शिसे आणि कथील यांचे छोटे पातळ पत्रे सापडले. आजवर मिळालेले असे पत्रे सुमारे १३० आहेत. त्यांवर बारीक अक्षरांत देवीला गाऱ्हाणे घातलेले आहे. कोणाचा झगा चोरीला गेला, कोणाचे भांडे, कोणाची अंगठी. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले. ज्याने घेतले त्याची बुद्धी आणि डोळे जावोत, असे तो देवीला म्हणतो. चोर कोण ते ठाऊक नसे, म्हणून ‘पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र’ अशा धर्तीचा मजकूर घालीत, म्हणजे कोणी सुटता कामा नये. मग पत्र्याची घडी घालून तो झऱ्यात टाकीत. साम्राज्याचे सरकार होते, न्यायाधीश होते, पण हातमोज्यांसाठी दाद मागायची ती देवीकडे. आपल्या देवळात नारळ ठेवून, कौल लावून गाऱ्हाणे सांगणारा माणूस त्या डोसिमेडिसला ताबडतोब ओळखेल.

आणि जीर्णोद्धार? तोही तिथे झाला होता. दोन शिलालेख त्याची साक्ष देतात. एकाचे तुकडेच उरले आहेत. त्यात क्लॉडियस लिगुर हे नाव आहे आणि वर्षानुवर्षांच्या जुनेपणाने खराब झालेली वास्तू पदरच्या पैशाने दुरुस्त करून पुन्हा रंगवून घेतल्याचा उल्लेख आहे. दुसरा दगड गायस सेव्हेरियस एमेरिटस या लष्करी अधिकाऱ्याचा. उद्दाम लोकांनी विटंबलेले पवित्र स्थान आपण शुद्ध करून पुन्हा अर्पण केले, असे त्यात त्याने लिहवले आहे. म्हणजे आज आपल्या सभामंडपात जो संगमरवरी फलक बसला, त्याचे पूर्वज तेथे आहेत. त्या दोघांना आपण आज, इतक्या दूर, नावाने ओळखतो. दान वाया जात नाही ते असे.

परंतु मंडळी, या हकिकतीचा पुढचा भाग गोड नाही.

चौथ्या शतकापासून रोमची सत्ता ढिली पडू लागली. इसवी सन ४१० च्या सुमारास ब्रिटनमधला रोमन कारभार संपला. त्याच काळात नदीच्या पाण्याची पातळी चढू लागली. मोरी गाळाने भरत गेली. ती उपसायला माणसे नेमणारा, त्यांना मजुरी देणारा कोणी राहिला नाही. झरा मात्र थांबला नाही. त्याला राज्य बदलल्याचे काय? दिवसाला अकरा लाख लिटर पाणी येतच राहिले आणि जायला वाट नाही. गरम खोल्यांच्या फरशीखालची पोकळी पाण्याने भरली, भट्ट्या विझल्या.

उत्खननात देवळाच्या आवारात जे दिसले ते मला फार बोलके वाटते. आवारात काळा चिखल साचला. लोकांनी त्यावर दगड पसरून नवी फरशी केली. तिच्यावर पुन्हा चिखल. त्यावर पुन्हा दगड. असे थरावर थर. म्हणजे लोकांची श्रद्धा गेली नव्हती. ते येत होते, अंगण नीट करण्यासाठी घाम गाळत होते. दर पिढीने आपल्या परीने जीर्णोद्धार केला असेच म्हणा. पण केला तो फरशीचा. गाळ का येतो, पाणी कुठे अडते, तिकडे हात घालण्याची ताकद कोणात उरली नव्हती. शेवटी हौदावरचे छत कोसळून झऱ्यातच पडले. मोठ्या स्नानगृहाचे छत कोसळले. वर गाळ आणि दलदल चढली. कळस, खांब, सोन्याचा मुलामा दिलेली ब्राँझची देवीमूर्ती, सगळे जमिनीखाली गेले.

बाराव्या शतकात त्याच झऱ्यावर लोकांनी ‘किंग्ज बाथ’ नावाचे नवे कुंड बांधले. त्याच्या पायाला रोमन हौदाच्याच भिंती होत्या, पण खाली एवढे मोठे स्नानगृह पुरले आहे याची वरच्यांना कल्पना नव्हती. अठराव्या शतकात बाथ हे इंग्लंडातल्या श्रीमंतांचे आवडते ठिकाण झाले. १७४२ मध्ये तेथे गरीब रुग्णांसाठी त्या पाण्याने उपचार करणारे इस्पितळ उघडले. राल्फ ॲलन नावाच्या खाणमालकाने त्याचा सगळा दगड फुकट दिला. याच शतकात जमिनीखालचे देऊळ हळूहळू डोके वर काढू लागले. १७२७ मध्ये रस्त्यात गटार खणताना देवीचे सोनेरी मुलाम्याचे मस्तक निघाले. १७९० मध्ये नव्या इमारतीचा पाया खणताना तो मिशाळ चेहरा तुकड्यातुकड्यांनी सापडला. ते दगड कोणी पायात भरले नाहीत की जिन्याला लावले नाहीत, जपून ठेवले. म्हणूनच आज ते पाहायला मिळतात. आपल्या देवळामागे चार वीरगळ आणि एक भंगलेली मूर्ती पडली आहे, त्यांच्याकडेही समितीने लक्ष द्यावे.

मोठे कुंड सापडले ते पाणी गळते म्हणून. १८७८ च्या सुमारास किंग्ज बाथमधून पाणी कुठेतरी झिरपते अशी तक्रार आली. मेजर चार्ल्स डेव्हिस हे नगराचे वास्तुविशारद शोध घेऊ लागले. त्यांनी जुनी रोमन मोरी शोधून मोकळी केली. मोरी मोकळी होताच पाणी उतरले, आणि पाणी उतरल्यावर खालून रोमन हौद आणि पुढे ते मोठे कुंड, पायऱ्यांसह आणि शिशाच्या तळासह, उघडे पडले. वरची घरे हटवून जागा मोकळी केली, भोवती खांबांची गच्ची उभारली आणि १८९७ मध्ये हे स्थान लोकांना खुले झाले. आज जाणाऱ्याला दिसणारे मोठे खांब आणि पुतळे हे त्या एकोणिसाव्या शतकातले. रोमन काम आहे ते खांबांच्या बैठकीपर्यंतचे. जे उंच होते ते गेले, जे खाली होते ते राहिले. कुंडावर आता छप्पर नाही, त्यामुळे ऊन पडून शेवाळ वाढते आणि पाणी हिरवे दिसते. रोमन काळी छप्पर असताना तसे नव्हते.

आणखी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण आपली मुले रोज उन्हाळ्यावर अंघोळीला जातात. १९७८ मध्ये बाथला या झऱ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या तलावात पोहलेली एक मुलगी मेंदूच्या आजाराने दगावली. कारण होते गरम पाण्यात वाढणारा, डोळ्यांना न दिसणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा. हे पाणी पोटात गेले तर तो आजार होत नाही, नाकावाटे वर गेले तर होतो. होतो फार क्वचित, पण झाला तर बहुधा वाचवत नाही. आपल्या देशात केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये या आजाराचे रुग्ण आढळले आहेत. बाथच्या लोकांनी काय केले? पवित्र पाणी आहे, त्याला काय होणार, असे म्हणून ते गप्प बसले नाहीत. स्नान बंद केले. तपासणीत दिसले की खोलवरचे पाणी निर्मळ आहे, दोष वरच्या थरात आहे. मग त्यांनी बोअर घेऊन खोलातले पाणी वेगळ्या नळाने वर आणले. २००६ मध्ये नवे स्नानगृह सुरू झाले, तेथे लोक त्याच झऱ्याच्या, पण शुद्ध केलेल्या पाण्यात उतरतात. रोमन कुंडात मात्र कोणाला उतरू देत नाहीत. पाणी तपासून घेतल्याने देवीचा अपमान होत नाही. तिच्या अंगणात येणाऱ्या लेकराची काळजी घेणे ही तिचीच सेवा आहे.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी तुम्हाला एवढे लांब नेऊन आणले.

त्या गावात आज देऊळ उभे नाही, छत नाही, भट्टी नाही. चालू काय आहे? शिशाच्या अस्तराचे कुंड आणि दगडी मोरी. रोमनांनी बांधलेली ती मोरी आजही जास्तीचे पाणी नदीला नेते. शेजारी बाथचे मोठे चर्च आहे. २०२१ मध्ये त्यांनी या मोरीतून वाहून जाणाऱ्या गरम पाण्यात उष्णता घेणारी यंत्रे बसवली आणि त्या उष्णतेवर चर्चची फरशी उबदार ठेवण्याची सोय केली. एका धर्माच्या लोकांनी बांधलेली मोरी आज दुसऱ्या धर्माच्या मंदिराला ऊब देते. जिने देऊळ तारले असते ती मोरीच होती, आणि मोकळी झाल्यावर सगळे परत मिळवून दिले तेही तिनेच. ती बांधणाऱ्या किंवा उपसणाऱ्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

आपल्या उन्हाळ्याकडे पाहा. गोमुखातून पाणी धो-धो येते. पण गेली काही वर्षे ते पाटाने ओढ्याला न जाता देवळाच्या मागच्या अंगाला साचते, हे आपण सगळे पाहतो. मागच्या भिंतीचा चिरा ओला राहतो, त्यावर शेवाळ धरले आहे. या जीर्णोद्धारात कळसाला देणगी मिळाली, घंटेला मिळाली, फरशीला तर हवी होती त्याहून अधिक मिळाली. मोरीसाठी एकही पावती फाटलेली नाही. यात कोणाचा दोष नाही. मोरीवर नाव कुठे घालणार? पण आजची नवी फरशी ही चिखलावर टाकलेली आणखी एक फरशी ठरायची नसेल, तर पुढचे काम मोरीचे आहे.

म्हणून समितीपुढे आणि देणगीदारांपुढे माझ्या चार नम्र सूचना आहेत. पहिली, कुंडापासून ओढ्यापर्यंतचा पाट माणूस उतरून साफ करू शकेल असा बांधून काढावा. दुसरी, त्यासाठी कायम निधी बँकेत ठेवावा आणि त्याच्या व्याजातून दर वर्षी दोनदा, एकदा आगोटीला आणि एकदा पाऊस सरल्यावर, गाळ काढून घ्यावा. काम करणाऱ्याला रोख मजुरी द्यावी, केवळ प्रसाद नव्हे. तिसरी, वर्षातून एकदा कुंडाचे पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे आणि त्याचा निकाल देवळाच्या फळ्यावर लावावा. चौथी, कुंडात साबण वापरू नये, कपडे धुऊ नयेत, आणि मुलांना पाण्यात डोके बुडवू देऊ नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. ही शेवटची सूचना आयाबहिणींनी घरोघर सांगितली तरच पाळली जाईल.

देणगीदार मंडळींना एक विनंती. तुमच्यापैकी कोणी ‘मोरीसाठी’ म्हणून पावती फाडली, तर तिचा फलक लागेल की नाही हे मी सांगू शकत नाही. परंतु देवीचे गाभाऱ्यातले अंग कोरडे राहील, आणि पन्नास वर्षांनी तुमची नातवंडे याच सभामंडपात बसतील तेव्हा त्यांच्या पायाखाली आज घातलेलीच फरशी असेल.

माझे बोलणे लांबले, त्याबद्दल क्षमा करावी.  देवी आपल्या गावाला सुखात ठेवो, तिचे पाणी वाहते राहो, आणि ते वाहते ठेवण्याची बुद्धी तिने आपल्याला द्यावी, एवढेच मागणे मागून माझे दोन शब्द पुरे करतो.